शेजारच्या खोलीतली आजी

कॉलेजातल्या मुलांना म्हातारपण शिकवायचं, तेही कलेतून आणि ऑनलाइन. हे जमेल का?

असा विषय निघाला की आपण आधी ‘नटसम्राट’चं नाव घेतो. शिरवाडकरांचं हे नाटक 1970 मध्ये रंगभूमीवर आलं. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त म्हातारा-म्हातारी एकटी पडलेली आहेत, एक मुलगा अमेरिकेत आहे. दोन्ही नाटकं मोठी आहेत, मुलांना जरूर दाखवा. पण मग वडवणीच्या पोराला विचारा, ‘तुझ्या घरातलं म्हातारपण असंच आहे का?’

आपल्याकडे कितीतरी घरांतले मुलगा-सून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे गाड्या निघाल्या की पाच-सहा महिने गावात उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. इथली आजी नुसती वाट बघत बसत नाही. ती भाकरी थापते, शेरडं सांभाळते, नातवंडांना शाळेत धाडते. आता सांगा, कोण कुणाला सांभाळतं? म्हातारपणाचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू करायचा.

या आजीची स्वतःची कला आहे, जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाच्या आसपास ओव्या जमवल्या. त्यातल्या बऱ्याच आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. शेजारच्या माजलगावातल्या भीमनगरच्या बायांच्या ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आहेत.

तास असा घ्या. सगळ्यांनी कॅमेरे बंद करून एक ओवी ऐकायची. मग आठवड्याभरात घरातल्या किंवा गल्लीतल्या आजीला ती ऐकवायची आणि गप्प बसायचं. तिला काय आठवतंय ते तिच्याच शब्दांत, तिला विचारून, लिहून घ्यायचं. भाषा ‘शुद्ध’ करायची नाही. ती नको म्हणाली, तर तिथंच थांबायचं. पुढच्या तासाला वाचन.

ऑनलाइन वर्गाला आपण नावं ठेवतो. रेंज जाते, मुलं डुलक्या घेतात, सगळं खरं. पण मुलगा घरून शिकत असेल, तर आजी शेजारच्याच खोलीत असते. पिठाची गिरणी आल्यावर जातं मागं पडलं. दळताना ओव्या म्हटलेल्या बाया आता थोड्याच राहिल्यात. म्हणून हा गृहपाठ पुढच्या सत्रावर ढकलू नका.