वऱ्हाडच्या हसवणाऱ्या लेकी आणि इथली महाविद्यालये

नोव्हेंबर २०२५ मध्ये दया डोंगरे वयाच्या ८५व्या वर्षी मुंबईत निवर्तल्या, तेव्हा महाराष्ट्राने त्यांची आठवण बहुतेक 'खाष्ट सासू' अशीच काढली. त्यांचा जन्म ११ मार्च १९४० रोजी अमरावतीत झाला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात जेमतेम एका ओळीपुरती येते. ती ओळ अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांनी गांभीर्याने घ्यावी, असे मला वाटते. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात घराघरांत हसू पोचवणाऱ्या अभिनेत्रीचा सन्मान करणे हे महाविद्यालयाचे काम आहे. तो करण्याची महाविद्यालयाची रीत मात्र नगरपालिकेपेक्षा किंवा एखाद्या मंडळापेक्षा वेगळी असायला हवी. शाल, श्रीफळ आणि मानपत्र कुणीही देऊ शकते. तिची कला शिकण्याजोगी विद्या आहे असे मानून ती वर्गात आणणे फक्त शिक्षणसंस्थेलाच जमते, आणि ते कलावंत हयात असतानाच झालेले बरे.

ही कला नेमकी कशी होती ते आधी पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि विनायक चासकरांच्या 'गजरा'ने मराठी प्रेक्षकांना छोट्या पडद्यावरच्या विनोदाची गोडी लावली. दया डोंगरे यांचा चेहरा घरोघरी पोचला तो याच कार्यक्रमातून. आई यमुताई मोडक आणि आत्या शांता मोडक यांच्यामुळे रंगभूमी आणि गाणे त्यांच्या घरातच होते. पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय असा त्यांचा प्रवास झाला. नाटकातला नट वाक्य टाकतो, हशा येतो, तो ओसरायला लागला की पुढचे वाक्य घेतो. त्याचे टायमिंग अर्धे प्रेक्षक सांभाळतात. वरळीच्या स्टुडिओत समोर प्रेक्षकच नव्हते. होते ते कॅमेरे, डोक्यावरचे प्रखर दिवे आणि शांतता. प्रहसनातला पॉज किती वेळ धरायचा हे तिथे मनातल्या मनात मोजावे लागे. पॉज लांबला तर विनोद पडतो, आखूड झाला तर घरी बसलेल्या माणसाच्या हसण्यात पुढचे वाक्य बुडून जाते. शिवाय रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा हातवारा क्लोज-अपमध्ये आरडाओरडा वाटतो. मग मान तिरकी करणे, भुवई किंचित उचलणे, समोरच्याचे वाक्य पुरते ऐकून झाल्यावर क्षणभराने ते मनाला लागल्याचे दाखवणे, एवढ्यावरच भागवावे लागते. ही मोजमापाची कारागिरी आहे आणि ती शिकवता येते. माझा सगळा मुद्दा यावरच उभा आहे.

याच बाईंनी दूरदर्शनच्या 'स्वामी' मालिकेत गोपिकाबाई उभ्या केल्या आणि 'उंबरठा'सारख्या गंभीर चित्रपटातही काम केले. 'नवरी मिळे नवऱ्याला' आणि 'खट्याळ सासू नाठाळ सून' हे त्यांचे लोकप्रिय चित्रपटही त्याच काळातले. एवढा मोठा पल्ला असूनही सन्मानाच्या वेळी विनोदी अभिनेत्री मागे राहते. विनोद लिहिणाऱ्याला विद्यापीठाने मान दिल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे. पु. ल. देशपांडे यांना मानद डी.लिट. मिळाली आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. विनोदी नटालाही उशिरा का होईना मान मिळाला. अशोक सराफ यांना २०२३चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली. अभिनेत्रीकडे वळलो की २००९चा महाराष्ट्र भूषण सुलोचनादीदींचा, म्हणजे पडद्यावरच्या वत्सल आईचा. सुलोचनादीदींची थोरवी वादातीत आहे. पण रडवणारी बाई कलावंत आणि हसवणारी बाई नुसती 'धमाल', असा भेद आपल्या मनात कुठेतरी घट्ट बसला आहे. तो काढायची सुरुवात जिथे कलेची चिकित्सा होते तिथूनच व्हायला हवी.

बाहेरच्या जगात हे घडले आहे. अमेरिकेत १९६७ ते १९७८ या काळात कॅरल बर्नेट यांचा विनोदी कार्यक्रम गाजला. ज्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत त्या शिकल्या, तिथे संगीत रंगभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाने स्पर्धा आणि पुरस्कार आहे. फिलिशिया रशाद 'द कॉस्बी शो'मधल्या आईच्या भूमिकेने जगभर पोचल्या. त्यांच्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ साली त्यांना ललित कला महाविद्यालयाच्या अधिष्ठाता केले. त्या पदावर बसून त्यांनी विद्यार्थी घडवावेत, अशी त्यामागची अपेक्षा होती. एका ठिकाणी नाव स्पर्धेला दिले, दुसऱ्या ठिकाणी कामच सोपवले. दोन्हीकडे सन्मानाचा लाभ विद्यार्थ्याच्या पदरात पडला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दया डोंगरे जन्मल्या अमरावतीत, पण घडल्या पुण्यात, दिल्लीत आणि मुंबईत. मग वऱ्हाडाने त्यांच्यावर हक्क का सांगावा? हक्काची गोष्ट मी करतच नाही, गरजेची करतो. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे. अमरावतीतल्या विदर्भ महाविद्यालयाने २०२३ मध्ये शंभरी गाठली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी इथल्या हौशी संस्था वर्षानुवर्षे राबतात. तरीही इथल्या मुलीला अभिनय करायचा तर रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागते, ही समजूत पक्की आहे. आपल्याच गावात जन्मलेल्या एका बाईने ही विद्या कशी कमावली, हे तिला वर्गात शिकायला मिळाले तर निदान जाण्याआधी तिच्या हाती काहीतरी असेल. मराठवाड्यात हे होऊ शकले. तिथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने मकरंद अनासपुरेंसारखे कलावंत दिले.

शिवाय नाव एकच नाही. अकोल्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या खामगावात शुभांगी गोखले यांचा जन्म झाला. वडील न्यायाधीश असल्याने बदलीच्या गावांत त्यांचे शिक्षण झाले. २००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधली त्यांची श्यामला आज पाहिली तरी ताजी वाटते. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी केलेल्या या मालिकेत घरातला प्रत्येक जण डायरी लिहितो. श्यामला ना विदूषक आहे ना सोशिक देवता. ती घर चालवते, चिडते, स्वतःच्या हट्टावर अडून बसते, आणि तिच्या कातावण्यातच आपल्या घरातले कुणीतरी ओळखू येते. तीच अभिनेत्री २००९ साली सुरू झालेल्या 'लापतागंज'मध्ये मिश्री मौसी होऊन हिंदी मुलखातली गावरान बोली सहज बोलली. या दोघींनी पडद्यावर वऱ्हाडी कुठे वापरली, असे कुणी विचारील. नाही वापरली, हे खरे आहे. वऱ्हाडी बोलीचा विनोद वाहिन्यांवर पोचवला तो भारत गणेशपुरेंसारख्या पुरुष कलावंतांनी. वऱ्हाडी बोलणारी, विनोदाच्या केंद्रस्थानी असलेली बाई अजून पडद्यावर यायची आहे. ती कुठल्या तरी महाविद्यालयातल्या मुलीच्या रूपानेच येईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कजाग सासूची विनोदी भूमिका म्हणजे बाईला बाईची वैरीण ठरवणारा साचा आहे, महाविद्यालयाने त्याचा गौरव का करावा? या साच्याने नुकसान केले हे मला मान्य आहे. घरातल्या छळाकडे गंमत म्हणून पाहायची सवय त्यानेही लावली. पण साचा लेखकाने आणि निर्मात्याने दिला. त्यात अभिनेत्रीने काय केले हा वेगळा प्रश्न आहे. दया डोंगरे यांच्या सासूला ताठा आणि ठसका असे, आणि तो ताठा कोसळताना प्रेक्षक सत्तेला हसत. हे वाचन कुणाला पटेल, कुणाला नाही. पटत नसेल तर त्यावर वर्गात वाद व्हावा. वादासकट केलेला अभ्यास हाच सन्मान महाविद्यालयाला शोभतो.

तिसरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. गॅदरिंगला मुंबईचा पाहुणा आणायला पैसे निघतात, तो दीपप्रज्वलन करतो, मुले सेल्फी घेतात आणि संध्याकाळी गाडी परत जाते. तोच खर्च दोन दिवसांच्या कार्यशाळेला पुरेसा ठरू शकतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या सह-अभ्यासक्रमाला क्रेडिट मिळतात आणि त्यात प्रयोगजीवी कला बसतात, म्हणजे वेळही मोकळा झाला आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये युवा महोत्सवासाठी स्किट, मिमिक्री, एकांकिका बसवतातच. तिथे विनोदी भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी दया डोंगरे यांच्या नावाचे पारितोषिक ठेवायला मोठी इमारत लागत नाही.

सगळ्यात निकडीचे काम ध्वनिमुद्रणाचे आहे. टेप महाग होती म्हणून दूरदर्शनवर जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे चित्रित केले जात. त्यामुळे त्या पिढीचे बरेचसे काम आता फक्त माणसांच्या आठवणीत उरले आहे. मराठी आणि जनसंवादाच्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्या अभिनेत्रींच्या, तशाच अमरावती-अकोल्याच्या हौशी रंगभूमीवर उभी हयात काढलेल्या बायकांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात. पॉज कसा मोजला, पहिल्यांदा हशा कुठे चुकला, घरच्यांनी काय ऐकवले, हे सगळे विचारून ग्रंथालयात जतन करावे. दया डोंगरे यांना हे विचारायची वेळ निघून गेली. शुभांगी गोखले आजही काम करत आहेत. त्यांना बोलावणारे पत्र अकोल्याच्या किंवा खामगावच्या प्राचार्यांनी या सत्रातच पाठवावे, आणि त्यात सत्काराच्या वेळेआधी वर्गाची वेळ लिहावी.