उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?

“आई, तू सांगितलंस म्हणूनच मी तसं लिहिलं!” भूगोलाचा पेपर माझ्यापुढे टाकून मुलगा रडकुंडीला आला. ‘उन्हाळा का होतो?’ या प्रश्नाला त्याने ‘सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो म्हणून’ असं उत्तर लिहिलं होतं. त्यावर लाल काट! चूक माझीच. गच्चीवर कुरडया घालताना त्याने विचारलं आणि मी घाईघाईत दिलं ठोकून.

मैत्रिणींनो, तुमचीही समजूत अशीच आहे ना? खरी गोष्ट मात्र उलटी आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा! त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर, तर जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २० लाख. ऋतू होतात ते या फरकामुळे नव्हे.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो एकाच दिशेला कललेला राहतो. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिण. आपल्याकडे थंडी, तेव्हा ऑस्ट्रेलियात उन्हाळा!

मुलांना हे दाखवायचंय? रात्री दिवे मालवून पोळपाटावर बॅटरीचा झोत पाडा. सरळ वरून पाडलात तर लहानसं, लख्ख वर्तुळ दिसेल. तिरपा पाडलात तर तोच उजेड लांबट पसरून फिका होईल. उन्हाचंही तसंच. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो दुपारीही दक्षिणेला, जेमतेम ४८ अंश उंचीवर असतो. तेवढंच ऊन सुमारे एक तृतीयांश जास्त जागेवर पसरतं. शिवाय दिवस ११ तासांचा; जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा असतो.

जुलैअखेरीस सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा मधे पावसाळी ढगांची छत्री असते, बरं का!

घरातही याचा उपयोग होतो. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येतं. उशा, दुपटी तिथे टाकावीत. मेमध्ये त्या खिडकीचा त्रास नसतो. वाळ्याचा पडदा लावायचा तो पश्चिमेला.

गेलेले दोन गुण काही परत आले नाहीत. पण परवा लेकाने शेजारच्या काकूंना पोळपाटावर ऋतू समजावून दिले. आणि मी? आता उत्तर येत नसलं, की सरळ म्हणते, “थांब हं, पुस्तकात बघून सांगते.”