फोटोत चूलही हवी!

साखऱ्यात काय नि सेनगावात काय, घरचा अल्बम उघडा. लग्न, बारसं, सहल. भाकरी थापणारी आई त्यात कुठे असते?

आपल्याच मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. हजारो माणसं गेली. पेपरांत ढिगाऱ्यांचे फोटो आले. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. माळवदाची घरं जाऊन स्लॅबची आली. ढिगाऱ्याच्या फोटोत नुकसान दिसतं, संसार दिसत नाही. नव्या जागी चूल कुठे मांडली, जातं कुठे ठेवलं, यातूनच कळतं बाईने घर पुन्हा कसं उभं केलं.

मैत्रिणींनो, मोबाइल हाताशी आहे. ऊसतोडीच्या कोपीत असा, नाहीतर धरणामुळे उठलेल्या गावात. आईचा असा एक फोटो काढाच. मात्र आधी तिला विचारा.