परभणीत मे महिन्यात शून्य अंश!

मुलांनो, मे महिन्याच्या भर दुपारी परभणीच्या बाजारात कुणी म्हणालं, "आज तापमान शून्य अंश आहे," तर? तुम्ही त्याला आधी सावलीत बसवाल आणि पाणी द्याल. पण कॉम्प्युटर असं बेधडक सांगतो, बरं का! त्याचं डोकं फिरलेलं नसतं. आपणच त्याला नीट सांगितलेलं नसतं.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ३२ वजा करायचे आणि ५/९ ने गुणायचं. समजा, तापमापकावर ११३ आहे. त्यातून ३२ गेले, राहिले ८१. उत्तर ४५ अंश. परभणीकराला हे पटतं!

आता हेच 'सी' भाषेत करू. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९७२च्या सुमारास तयार केली. आपल्या परभणीचं कृषी विद्यापीठही १९७२चंच! सीमध्ये प्रत्येक संख्येचा 'प्रकार' ठरलेला असतो. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच. दशांश चिन्हापुढचं सगळं छाटलं जातं. ५ भागिले ९ म्हणजे ०.५५..., छाटल्यावर उरलं ०. मग ८१ ने गुणा नाहीतर ८१ लाखाने, शून्य ते शून्यच.

उपाय सोपा. आधी गुणा, मग भागा. ८१ × ५ = ४०५, भागिले ९, झाले ४५.

सीमध्ये 'मॅक्रो' नावाची एक सोय आहे. एका नावाच्या जागी ठरलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. 'फरक' म्हणजे ११३ − ३२ असा मॅक्रो केला आणि कंस द्यायचा राहिला. मग 'फरक × ५ ÷ ९' चं झालं ११३ − ३२ × ५ ÷ ९. कंचेभागुबेव आठवा! १६० भागिले ९, छाटून १७. ११३ − १७ = ९६ अंश. चहाचं आधणच की हो!

खरी गंमत पुढे आहे. विज्ञान प्रदर्शनात मोठी मुलं 'आर्डुइनो उनो' नावाचं छोटं सर्किट वापरतात. त्यात साध्या पूर्णांकाची पेटी १६ बिटांची, म्हणजे ३२७६७ च्या वर जागा नाही. दशांश टाळायला एखादा हुशार मुलगा ११३ ऐवजी ११३०० आणि ३२ ऐवजी ३२०० घेतो. फरक ८१००, पाचपट ४०५००. पेटीत मावत नाही! मग आकडा बहुधा गरकन फिरून दुसऱ्या टोकाने आत येतो: ४०५०० − ६५५३६ = −२५०३६. त्याला ९ ने भागलं, छाटलं, शंभराने कमी केलं, की परभणीत उणे २७.८१ अंश!

हसू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि नष्ट झालं. भाषा सी नव्हती, 'एडा' होती, पण चूक याच घराण्यातली. ६४ बिटांतली मोठी संख्या १६ बिटांच्या पेटीत कोंबली होती.

आता पाटी घ्या. १०४ फॅरनहाइटचं खरं उत्तर काढा आणि मग या तिन्ही चुका मुद्दाम करून पाहा. (उत्तरे: ४०, ०, ८७, −३२.८१)