यंत्राची खतावणी
व्यापाऱ्याची अब्रू त्याच्या खतावणीत असते, हे आमच्या सभासदांस सांगावयास नको. ब्रिटनमधील टपालकचेऱ्यांत १९९९ पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबपद्धती आली. तिने नसलेली तूट दाखविली आणि ९०० हून अधिक जण गुन्हेगार ठरले. त्यांत दुकान सांभाळून टपालकचेरी चालविणारे पुष्कळ होते. माणूस खोटा, यंत्र खरे, असेच वर्षानुवर्षे धरले गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यंत्राचे दोष उघड केले. २०२४ मध्ये संसदीय समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्याने क्षमा मागितली. त्याच वर्षी कायदा करून शेकडो शिक्षा रद्द झाल्या.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे सरकारी ठेके निघत आहेत. ठेकेदारांचे वशिले मंत्र्यांच्या दारी पोहोचण्यापूर्वीच संसदेने वही मागावी. परक्याने मांडलेल्या हिशेबावर आम्ही ताळा पाहिल्यावाचून सही करीत नाही. राज्यकर्त्यांनीही करू नये.