मणी आतून का तडकतो?

जालना जिल्ह्याची ओळख मोसंबीची. पण जालना तालुक्यातल्या कडवंचीनं १९९६च्या सुमारास पाणलोटाची कामं हाती घेतली, पुढं शेततळी खणली आणि बघता बघता गाव द्राक्षाचं झालं. या गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आलं की बागाइतदाराच्या मनात दोन भीती असतात. एक गारेची. गार बाहेरून येते आणि मणी फोडते, त्यात समजून घेण्यासारखं काही नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा अजून विसरलेला नाही. दुसरी भीती साध्या पावसाची. हा पाऊस मण्याला ओरखडाही काढत नाही, नुसता घडावर बसून राहतो. आणि रात्रभर घड ओले राहिले की सकाळी पिकलेले मणी तडकलेले सापडतात. कच्चे मात्र शाबूत! ज्या मण्यात गोडी भरली तोच तडकतो.

याचं उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत, एका बटाट्यात आहे.

प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो, निदान मागच्या बाकावरून पाहिलेला तरी. बटाटा सोलायचा, बूड सपाट कापायचं, वरून पोखरून वाटीसारखा खळगा करायचा. खळग्यात साखरेचं दाट पाणी भरायचं, पातळी जिथं असेल तिथं टाचणी टोचायची आणि बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवायचा. तासा-दोन तासांत खळग्यातलं पाणी टाचणीच्या वर गेलेलं दिसतं. बशीतलं पाणी बटाट्याच्या भिंतीतून, कुणी न ढकलता, वर चढलं. बालभारतीच्या भाषेत हे परासरण आणि पेशीभोवतीचा पडदा म्हणजे निवडक्षम पारपटल. पाण्याला तो वाट देतो, साखरेला अडवतो.

माझ्या मते या प्रयोगाचा खरा चमत्कार दुसऱ्या बटाट्यात आहे आणि नेमका तोच वर्गात अनेकदा राहून जातो. एक बटाटा उकडून घ्यावा आणि त्याच्यावर हेच सगळं करावं. पातळी चढत नाही. साखर तीच, पाणी तेच, बटाट्याचा गरही तोच. उकडल्यावर फक्त पेशींचे पडदे फाटले. साखरेला अडवणारं कुणी उरलं नाही, ती भिंतीतून बाहेर झिरपायला लागली आणि खेळ संपला.

मग साखर पाण्याला ओढते का? नाही, साखर कुणाला बोलवत नाही. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी पडद्यावर सतत आदळत असतात आणि पलीकडे जात असतात. साखरेच्या बाजूला पाण्यात साखरेचे रेणूही मिसळलेले असतात, म्हणून तिकडून इकडे येणारं पाणी थोडं कमी पडतं. जाणारे जास्त, परतणारे कमी, एवढाच हिशेब. हे रेणू पडद्यातून जातात कुठून, हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. १९९२मध्ये शास्त्रज्ञ पीटर एग्री यांनी तांबड्या रक्तपेशींच्या पडद्यातलं एक प्रथिन म्हणजे खास पाण्यासाठी ठेवलेली नळी आहे हे दाखवून दिलं. अशा एका नळीतून सेकंदाला अब्जावधी रेणू एकामागोमाग एक, रांगेनं जातात. वनस्पतींच्या पेशीतही या नळ्या आहेत. एग्रींना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण हा कमी-जास्तीचा हिशेब केवढी ताकद लावू शकतो, ते १८७७ साली विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं मोजलं. त्यानं झिलई न केलेल्या मातीच्या भांड्याच्या छिद्रांत एका तांबेयुक्त क्षाराचा पातळ पडदा बसवला. आत साखरेचं पाणी, बाहेर साधं पाणी, वर पाऱ्याची नळी. एक टक्क्याचं द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात दहा ग्रॅमच्या आसपास साखर. चहालाही फिकी वाटेल इतकी. तिनं सुमारे ५३५ मिलिमीटर पारा पेलून धरला. पाऱ्याऐवजी पाणी धरलं तर सात मीटरांहून अधिक, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीपर्यंत!

पुढची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. हे आकडे ॲमस्टरडॅममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी आपले सहकारी, रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांच्या कानावर घातले. व्हान्ट हॉफ यांनी गणित मांडलं. पाणी नाहीच असं समजा आणि तेवढेच साखरेचे रेणू वायू होऊन रिकाम्या भांड्यात फिरत आहेत असं धरा. त्या कल्पित वायूचा दाब निघाला ०.७ वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सात दशांश. फेफरचा पारा सांगत होता तोही एवढाच. म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर हिशेबापुरती वायूसारखी वागते आणि तिचं वजन नव्हे, रेणूंची संख्या मोजली जाते. १९०१मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हान्ट हॉफ यांना मिळालं.

आता कडवंचीच्या बागेत हे गणित लावून पाहू. मणी भरत येताना एक वेळ अशी येते की तो मऊ होतो, रंग पारदर्शक दिसू लागतो. बागाइतदार म्हणतात, मण्यात पाणी उतरलं. इथून पुढं पानांकडून साखर मण्यात येत राहते. ती आपल्या चहातलीच साखर, पण मण्यात आल्यावर तिच्या प्रत्येक रेणूचे तुटून दोन होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. संख्या दुप्पट, म्हणून पाण्याची तहानही दुप्पट. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकला आणि १८ ब्रिक्स दिसलं, म्हणजे शंभर ग्रॅम रसात जवळपास अठरा ग्रॅम साखर. व्हान्ट हॉफच्या रीतीनं हा मणी साध्या पाण्यात पडला तर पंचवीस वातावरणांच्या आसपास दाब घडवू शकतो. मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो ती दोन-सव्वादोन वातावरणांची.

घडवू शकतो, असं मुद्दाम म्हटलं. एरवी मण्यात एवढा दाब नसतो. वेल सतत पाणी ओढत असते, सालीवर मेणाचा थर असतो, आणि पिकलेल्या मण्यात बरीच साखर पेशीबाहेरही साचलेली असते, त्यामुळं आतला दाब उलट कमीच असतो. पण रात्रभर घड ओला राहिला की देठाजवळून आणि सालीवरच्या सूक्ष्म चिरांतून पाणी आत शिरतं. खाली मुळंही ओल्या मातीतून पाणी पाठवतच असतात, आणि दमट हवेत पानांतून बाष्प जाणं मंदावल्यानं ते मण्यातून बाहेर निघत नाही. सालीजवळच्या काही पेशी फुगून फुटतात. त्यांचा आंबट रस शेजारच्या पेशींना कमकुवत करतो. मग चीर धावते.

जाता जाता मनुक्याविषयी. वजन करून मनुके पाण्यात भिजवायचे आणि पुन्हा वजन करायचं, हे परासरणाचं प्रात्यक्षिक शाळांचं फार लाडकं. मनुका फुगतो हे खरं. पण त्याच्या पेशी वाळतानाच मेलेल्या असतात, उकडलेल्या बटाट्यासारख्या. तो फुगतो त्यात सालीची थोडी अडवणूक आहे आणि गराचं नुसतं भिजणंही आहे. म्हणून तर भिजवलेल्या मनुक्यांचं पाणी गोड लागतं. परासरण शिकवायचं तर मला बटाटाच जास्त सच्चा वाटतो.

पाऊस थांबला की काही बागाइतदार ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून, औषध न भरता, नुसत्या वाऱ्यानं घड झटकतात. घडावरचं पाणी जितक्या लवकर उडेल तितकं परासरण कमी. ज्यांना परवडतं ते बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात. तडकलेल्या मण्यावर मात्र उपाय नाही. अठरा टक्के साखरेचा उघडा रस म्हणजे बुरशीला मेजवानीच. हाच मणी सुकून बेदाणा झाला असता, पाणी पंधरा टक्क्यांच्या आसपास आलं असतं, तर त्याच्यावर बसलेल्या बुरशीला उलटा अनुभव आला असता. तिथं साखर इतकी दाट असते की पाणी बुरशीच्या पेशीतून बाहेर निघतं, आणि तिला वाढता येत नाही.