निवृत्तांचे वाचनमंडळ : पुस्तक एक, वाचणारे अनेक

नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि बहुधा एखादे पुस्तक मिळते. शाल थंडीत उपयोगी पडते, पुस्तक मात्र कपाटात जाते. दुसऱ्या दिवसापासून वेळच वेळ असतो. तरीही एकट्याने वाचायला बसले की चार पानांत डोळे मिटू लागतात. यावर साधा उपाय म्हणजे दहा-बारा जणांनी मिळून एकच पुस्तक वाचायचे आणि त्यावर बोलायचे. यालाच वाचनमंडळ म्हणतात.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागते, तेव्हा एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आपल्या आज्या-पणज्यांनाही ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ ठाऊक होते, ते याच वाटेने. बसवकल्याण तर आपल्या बिदर जिल्ह्यातच आहे. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळी अनुभवमंटपात सर्व जातींचे स्त्री-पुरुष एकत्र बसून चर्चा करीत, असे परंपरा सांगते. पोथीत ऐकणे असते, अनुभवमंटपात प्रश्न विचारणे होते. वाचनमंडळात दोन्ही लागते.

परदेशात निवृत्तांनी याला व्यवस्थित रूप दिले. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे ज्येष्ठांसाठी ‘थर्ड एज’ विद्यापीठ सुरू झाले. १९८२ मध्ये ही चळवळ इंग्लंडमध्ये आली. तेथे परीक्षा नाही, पदवी नाही. सभासदच एकमेकांना शिकवतात आणि पुस्तकवाचनाचे गटही चालवतात. अशा एकत्र येण्याचा आरोग्याशीही संबंध दिसतो. २०१६ मध्ये इंग्लंडमधील ४२४ निवृत्तांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर ज्यांनी आपले गट, मंडळे टिकवली, त्यांच्यात पुढील सहा वर्षांत मृत्यूचा धोका, ती सोडून देणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला. अर्थात मंडळ म्हणजे औषध नव्हे. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी आपली वाट पाहत असणे, ही लहान गोष्ट नाही.

मंडळ चालते कसे? पुस्तक लहान निवडावे. वाचन मोठ्याने करावे आणि वाचणारा दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलावा, म्हणजे मोतीबिंदू झालेल्यांनाही पूर्ण सहभाग मिळतो. चर्चेत एकानेच भाषण करू नये. ‘पुस्तक आवडले का?’ या प्रश्नावर चर्चा दोन मिनिटांत संपते. ‘त्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?’ असे विचारले की तासभर पुरत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. गावाला सोबत घेऊन तालीम उभी करतो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. निवृत्त शिक्षकांना येथे कितीतरी बोलता येईल. मुले नसलेल्या शाळेत मास्तरने थांबावे की निघावे? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मोडलेला आणि पुन्हा जुळलेला संसार आहे. इतके दुःख एखादी बाई हसत हसत कसे सांगू शकते, हा प्रश्न आजीमंडळींनी सोडवावा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली ‘श्यामची आई’ तर मंडळासाठीच लिहिल्यासारखी आहे. श्याम रोज रात्री सांगतो आणि मित्र ऐकतात, अशा तिच्या ४२ रात्री आहेत. आठवड्याला दोन रात्री वाचल्या तर २१ आठवड्यांत पुस्तक पूर्ण होते.

चौथे पुस्तक खास आपल्यासारख्या सीमेवरच्या गावासाठी. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ ही कन्नड कादंबरी १९६५ ची. घराण्याच्या परंपरेवर निष्ठा असलेले श्रोत्री आणि पुन्हा लग्न करू पाहणारी त्यांची विधवा सून यांची ही कथा आहे. ती उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आणि त्यासाठी त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवीत आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे कन्नड लिपीत अडखळणाऱ्यालाही कन्नड पुस्तक कानांनी वाचता येते. आपल्या मंडळात एकाच्या हाती कन्नड प्रत आणि दुसऱ्याच्या हाती मराठी प्रत असली, तर एकच प्रसंग दोन्ही भाषांत ताडून पाहता येईल. ही सोय पुण्या-मुंबईच्या मंडळांना सहज मिळणार नाही.

पालकहो, या कामाला थोडी घाई आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. त्या काळात मराठीत शिकलेली, कन्नड आणि उर्दूही जाणणारी पिढी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. आपली मुले घरात छान मराठी बोलतात, पण सलग पान वाचताना अनेकदा अडखळतात. आजोबांना शब्दांचे अर्थ येतात, पण डोळे साथ देत नाहीत. मुलांचे डोळे चांगले आहेत, पण अर्थासाठी विचारायला कोणी नाही. दोघांना एका सतरंजीवर बसवले तर दोघांचेही काम होते.

म्हणून आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने वाचक व्हावे. आठवड्यातून एक तास पुरे. अडलेला शब्द विचारावा आणि वहीत लिहून ठेवावा. वर्षाअखेर त्या वहीत आपल्या गावच्या मराठीचा एक छोटा शब्दकोश तयार झालेला असेल. विश्वस्त मंडळींनी शाळेची एक खोली संध्याकाळी उघडून दिली आणि चार पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घेतल्या, तरी सुरुवात होऊ शकते. आणि हो, निरोप समारंभात मिळालेली पुस्तकेही कपाटातून बाहेर काढावीत.